माझा इटली अभ्यासदौरा

२६ जानेवारी

आज शाळेत झेंडावंदन झालं आणि चहाच्या वेळी मी बोलून गेलो, की मे महिन्यात आम्ही सहकुटुंब इटलीला चाललोय. ठरवून बोललो नाही. पण भागवतदादा, म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ आणि गावाचा आत्ताचा सरपंच, सगळ्यांना मोबाईलवर दुबईचे फोटो दाखवत होता. उंटावर भागवतदादा, उंच इमारतीखाली भागवतदादा, वाळूत रुतलेला भागवतदादा. लोक असे बघत होते, जणू उंट त्यानंच जन्माला घातलाय. वर्षअखेरीला सरपंचपदाची निवडणूक आहे. मी उभा राहणार हे सगळ्या गावाला माहीत आहे. अशा वेळी माणसानं गप्प कसं बसायचं? मी म्हणालो, दुबईला काय, कोणीही जातं. आमचा इटलीचा अभ्यासदौरा आहे. द्राक्षं, ऑलिव्ह, ठिबक, सगळं बघून यायचंय.

घरी आलो तर बायकोला, पंकजाला, आधीच कळलेलं. दळण आणायला गेली होती, गिरणीत बायकांनी तिचं अभिनंदन केलं. ती म्हणाली, मला आधी सांगितलं असतं तर चारचौघींत तोंड उघडं टाकून उभी राहिले नसते. मी म्हणालो, सरप्राइज होतं. तिनं पीठ चाळायला घेतलं. बायकांना आनंद दाखवता येत नाही.

२ फेब्रुवारी

दौऱ्याच्या नियोजनाची घरगुती बैठक घेतली. मी भिंतीवर इटलीचा नकाशा लावला आणि खतांच्या कंपनीनं दिलेल्या लाल पेनानं शहरं जोडली. रोम, नेपल्स, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान. रोज एक शहर. सकाळी पोहोचायचं, मुख्य ठिकाणी फोटो, जेवण, पुढची गाडी.

पंकजा म्हणाली, आदिनाथला शिर्डीपर्यंत जाताना उलटी होते, रोज नवं गाव त्याला झेपणार नाही. आमचा आदिनाथ तिसरीत आहे, त्याला झेपण्याचा प्रश्न कुठून आला? तिचं म्हणणं रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस एवढीच शहरं घ्यावीत, प्रत्येक ठिकाणी तीन-चार रात्री राहावं, मधे रेल्वेनं जावं, आणि दुपारी पोरांना आणि आईला झोपू द्यावं. मी विचारलं, माणूस झोपायला इटलीला जातो का? यावर नववीतली आमची संस्कृती म्हणाली, मी तरी त्यासाठीच येणार आहे. आदिनाथला व्हेनिसमध्ये शाळेची बस बोटीची असते का, एवढंच जाणून घ्यायचं होतं.

आईचं वेगळंच. तिला पिसाचा कललेला मनोरा दाखवला तर म्हणाली, "वाकडा झालाय म्हून बघायचा? आपला नेवाशाचा ग्यानबा माउलीचा खांब इतकी वर्सं सरळ उभा हाय, त्याला कुनी इच्यारीना."

शेवटी तिघांच्या हट्टापुढं मी सहा शहरांची चार केली. पिसा सोडणार नाही म्हणून सांगितलं. फ्लॉरेन्सहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, असं पंकजानं कुठूनतरी शोधून काढलंय. नेता तोच, जो सर्वांना बरोबर घेऊन चालतो.

२१ फेब्रुवारी

पंकजा भाकरी थापताना मोबाईलवर इटालियन शिकते. 'दोवे इल बान्यो' म्हणजे संडास कुठे आहे. आईलाही शिकवलंय. आई दिवसभर म्हशीला 'ग्रात्सिये', म्हणजे धन्यवाद, म्हणते. मी सांगितलं, भाषेची गरज नाही, बोलायला मी आहे.

कामाची वाटणी नीट झाली आहे. दौऱ्याचं नेतृत्व मी करतो. बारीकसारीक गोष्टी, म्हणजे विमान, हॉटेल, रेल्वे, विमा, औषधं, आईचे कपडे आणि पोरांचं खाणं, हे पंकजा बघते. शिवाय माझ्या खत-बियाण्यांच्या दुकानाचा गल्लाही तीच बघते, त्यामुळं मला गावात फिरायला वेळ मिळतो.

१८ मार्च

व्हिसासाठी प्रत्येकाचं पत्र लागतं. पंकजानं सगळ्यांसाठी एकच मजकूर लिहिला होता. पोरांना सुट्टी आहे, आम्ही कुटुंब म्हणून फिरायला येतोय, अमुक दिवशी परत जाऊ. इतकं साधं, की वाचून मलाच वाईट वाटलं. वकिलातीतला माणूस म्हणेल, कोण हे लोक?

माझं पत्र मी वेगळं केलं. नेवाशाला टाइप करून घेतलं. त्यात लिहिलं, की मी महाराष्ट्रातील शेतकरी शिष्टमंडळाचा प्रमुख असून आपल्या देशातील शेतीचा सखोल अभ्यास करण्यासाठी येत आहे, कृषिमंत्र्यांशी चर्चा झाल्यास आनंद होईल, आणि भविष्यात उभय गावांमध्ये देवाणघेवाण व्हावी. खाली 'भावी सरपंच' असं लिहून सही ठोकली. पंकजाला दाखवलं नाही. ती प्रत्येक चांगल्या गोष्टीला कात्री लावते.

१६ एप्रिल

पुण्याला व्हिसाच्या ऑफिसात जाऊन आलो. आईचे ठसे मशीन घेईना. खुरपं धरून धरून बोटांवरच्या रेषाच गेल्यात. तिथल्या मुलीनं आईची बोटं ओल्या कपड्यानं पुसली, परत परत दाबली. आई तिला म्हणाली, बाई, तू दमशील, जरा बस. शेवटी कसे तरी उमटले.

माझ्या वेळी त्या मुलीनं पत्र बघून विचारलं, शिष्टमंडळातले बाकीचे सदस्य कुठे आहेत? मी आई, पंकजा, संस्कृतीकडं बोट दाखवलं. आदिनाथ तेव्हा खुर्चीवर गोल गोल फिरत होता. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि शिक्का मारला. प्रभाव पडला असावा.

११ मे

आज मारुतीच्या पारासमोर माझा सत्कार झाला. पंकजाचं म्हणणं होतं, आधी व्हिसा तर येऊ द्या. पण कार्यकर्ते ऐकेनात, आणि लग्नाच्या तिथींमुळं मंडपवाल्याला पुढची तारीख नव्हती.

फ्लेक्स मोठा झाला होता. मध्ये मी, कानाला मोबाईल. मागं पिसाचा मनोरा. पण तो मनोरा अगदी सरळ. फ्लेक्सवाल्याला विचारलं तर म्हणाला, फोटो तिरका आला होता, मी नीट करून दिला, त्याचे जादा घेतले नाहीत.

भाषणं चांगली झाली. सोसायटीच्या चेअरमननी सांगितलं, वैजनाथराव इटलीहून जे आणतील त्यानं गावाचं सोनं होईल. काय आणायचं हे कोणी सांगितलं नाही. भागवतदादानं स्वतःच्या हातानं हार घातला आणि माझ्या कानात म्हणाला, "जा, पर परत ये बाबा. निवडणुकीत माज्यापुढं पडायला तुझ्याशिवाय कोन हाय?" जळतो.

पंकजाला स्टेजवर बोलवायचं राहून गेलं. खुर्च्या कमी पडल्या. ती पोरांना घेऊन कूलरपाशी उभी होती. आभार मानताना मात्र तिचा उल्लेख झाला, फक्त चुकून 'सौ. वैजयंता वहिनी' असा झाला.

१७ मे

पासपोर्ट आले. आईला व्हिसा मिळाला. पंकजाला, संस्कृतीला, आदिनाथलासुद्धा मिळाला. मला नाही.

सोबतच्या कागदावर लिहिलंय, की प्रवासाचा जो हेतू आणि राहण्याचं जे कारण सांगितलं ते विश्वासार्ह वाटत नाही. पंकजानं माझ्या पत्राची प्रत मागितली. उभ्यानं वाचली. ती हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही, घडी घालून परत दिली.

मी म्हणालो, पुढच्या वर्षी सगळे मिळून जाऊ. लोकांना सांगू, आईची तब्येत बिघडली.

आई दारात बसून शेंगा फोडत होती. म्हणाली, "माजी तब्येत बरी हाय."

पंकजा म्हणाली, "आम्ही चौघं जातोय."

तिनं आवाजसुद्धा चढवला नाही. दुकानात पोतं उतरवून घेताना बोलते तशी बोलली आणि आत गेली. इतक्या वर्षांच्या संसारात मला पहिल्यांदा असं वाटलं, की हिला आपण काहीतरी विचारायला हवं होतं. पण काय, ते आठवेना.

१९ मे

मार्ग काढला. गावाला मी गेलोच असं दिसलं पाहिजे. आम्ही सगळे एकाच गाडीत निघायचं, मी वाटेत उतरायचं, आणि ते परत येईपर्यंत अकोल्याच्या डोंगरात, भंडारदऱ्याच्या वर, माझ्या सासुरवाडीला राहायचं. तिथं आमच्या गावचं काळं कुत्रं जात नाही. पंकजा म्हणाली, खरं सांगून टाका, लोक एक दिवस हसतील आणि विसरतील. तिला राजकारण कळत नाही.

२४ मे

गाव वेशीपर्यंत आलं. हार, गुलाल, एक ढोल. मी गाडीतून हात हलवत निघालो आणि संगमनेरच्या स्टँडवर बॅग घेऊन उतरलो. हार डिकीतच राहिले. आई म्हणाली, "जपून ऱ्हा. येळेवर जेव." हे खरं तर मी तिला म्हणायला हवं होतं. आदिनाथ मागच्या काचेतून बराच वेळ हात हलवत होता. मी अकोल्याची एसटी पकडली. उभं राहून यावं लागलं.

२८ मे

सासरे बन्सीमामा कमी बोलतात. मी पोहोचलो तेव्हा त्यांनी मला पाणी दिलं, बॅगेवरचं विमानाचं चित्र बघितलं आणि विचारलं, "जावईबापू, किती दिस?" सासूबाई बायडाबाई यांनी तर कारणही विचारलं नाही. त्यांना लेकीचा फोन येऊन गेला असणार.

इथं मोबाईलला रेंज नाही. देवळामागच्या टेकाडावर जाऊन एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं की मेसेज येतात. सध्या काजव्यांचा हंगाम आहे. पुण्या-मुंबईचे लोक झाडांवरचे काजवे बघायला येतात, आणि मामांनी शेतात तंबू लावलेत. मला गाड्या लावून घ्यायचं काम दिलंय. हातात शिट्टी आहे. अभ्यास म्हणून करतोय.

आज दगडावर चढून पंकजाला सविस्तर सूचना पाठवल्या. रोमला कोलोसियमसमोर फोटो काढताना डाव्या बाजूला एका माणसाची जागा मोकळी सोडावी. संस्कृतीनं तिथं मला बसवावं. उत्तर आलं, 'आई आणि पोरं झोपली आहेत. ऊन फार आहे.' रोमला जाऊन झोपले.

३० मे

संस्कृतीनं एक फोटो करून पाठवला. घाईत होतो म्हणून नीट न बघता गावच्या ग्रुपवर टाकला. कोलोसियमसमोर आई, पंकजा, आदिनाथ आणि मी. मी सत्काराच्या दिवशीचा, गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला गुलाल, आणि माझ्या कोपराशी चेअरमन साहेबांचा अर्धा हात. लगेच कोणीतरी विचारलं, इटलीतबी सत्कार झाला काय? मी उत्तर दिलं, हो, तिथल्या ग्रामस्थांनी केला. ग्रुपवर पन्नास-साठ अंगठे आले. निभावलं.

२ जून

आज आईचा फोन लागला. काय झालं ते ती सहज सांगत होती, आणि मी दगडावर बसलो.

परवा फ्लॉरेन्सच्या स्टेशनवर आदिनाथ हरवला. पिसाहून परत आले होते, मोठी गर्दी होती. पंकजा आईचा हात धरून उतरली, संस्कृतीकडं पिशव्या, आणि मागं वळून बघितलं तर पोरगं नाही. पंकजानं आईला आणि संस्कृतीला एका खांबापाशी उभं केलं, इथून हलायचं नाही म्हणून बजावलं, आणि पळत पोलिसांकडं गेली. त्यांच्या भाषेत सांगितलं, माझा मुलगा, आठ वर्षांचा, निळा शर्ट. आईनं तिथंच खांबापाशी उभं राहून, शेतातून हाक मारतात तशी हाक मारायला सुरुवात केली. आदिनाऽऽथ, आदिनाऽऽथ. "समदी थांबून बगाय लागली," आई म्हणाली. "म्हनलं, बगा. पर माजं पोरगं आयकू द्या." तो लांबच्या फलाटावर दुसऱ्याच गाडीत चढत होता. आजीचा आवाज ऐकला आणि उतरला. ती गाडी त्यानंतर लगेच सुटली.

मी विचारलं, पंकजा कुठे आहे? आई म्हणाली, निजलीय, दोन दिस झोपली न्हवती. मग म्हणाली, "तिनं तुला फोन लावला हुता रं. लई येळा."

मी मोबाईलमध्ये मागं जाऊन बघितलं. मिस्ड कॉलचे मेसेज होते, नऊ. त्यांच्या आधी माझाच एक मेसेज होता. तो मी त्या दिवशी दुपारी टेकाडावर येऊन टाकून गेलो होतो. 'मनोऱ्याला टेकू देताना माझा हात दिसला पाहिजे.'

संध्याकाळी तीन गाड्या चुकीच्या लावल्या. मामांनी शिट्टी काढून घेतली आणि म्हणाले, आज राहू द्या.

५ जून

दुपारी गाड्यांची रांग लागली होती. मी शिट्टी वाजवत एका पांढऱ्या गाडीला मागं घे, मागं घे करत होतो. काच खाली आली. आत भागवतदादा, वहिनी आणि मागं आमच्या गावची चार माणसं.

मला पळता आलं असतं, पण मागं तंबूच्या दोऱ्या होत्या. भागवतदादानं गॉगल काढला, शिट्टीकडं बघितलं, तंबूंकडं बघितलं.

"हे कंचं शहर म्हनायचं?" त्यानं विचारलं. "व्हेनिस का?"

मागची माणसं हसायला लागली. मला वाटलं तो मोबाईल काढणार. त्यानं काढला नाही. मागच्यांनी काढला. मी त्यांना जागा दाखवली, दुसरं काय करणार? त्यांच्यापुढं सासूबाईंनी ताटं वाढली. भागवतदादानं पिठलं दोनदा मागून घेतलं.

टेकाडावर गेलो नाही. ग्रुपवर काय चाललं असेल ते इथूनही ऐकू येत होतं.

९ जून

सगळे सुखरूप परतले. मी संगमनेरला थांबलो होतो, तिथं गाडीत बसलो. आदिनाथ पळत येऊन बिलगला आणि म्हणाला, बोटीचीच बस असते, आम्ही बसलो. मी पंकजाला म्हणालो, फोनचं मला माहीत नव्हतं, रेंज नव्हती. ती म्हणाली, "माहीत आहे." वाटेत तिनं झोपी गेलेल्या आदिनाथच्या पायातले बूट काढून ठेवले.

वेशीवर माझ्यासाठी कोणी नव्हतं. घरापाशी मात्र बायकांची गर्दी. त्या पंकजाला आणि आईला बघायला आल्या होत्या. मला बघून सगळ्यांनी पदर तोंडाला लावले. कशासाठी ते मला कळतं.

२० जून

दारात रोज बायका. आई इटली सांगते. तिच्या इटलीत मनोरे नाहीत. बेसिनला पाणी कसं येतं, तिथल्या म्हाताऱ्या बायका एकट्या बाजाराला कशा जातात, फलाटावर हाक कशी मारायची. पंकजाला विचारायला येतात ते वेगळंच. पासपोर्ट कुठं काढायचा, पोरीला नर्सिंगसाठी जर्मनीला पाठवायचंय, कागद बघून दे. तिनं दुकानात एक बाकडं टाकलंय. परवा सोसायटीचा चेअरमनही तिथं बसला होता, त्याच्या जावयाचं नाव पासपोर्टात चुकलंय. मला नमस्कार केला आणि म्हणाला, वहिनी मोकळ्या झाल्या की सांगा.

मी माझा प्रचार सध्या थांबवलाय. वातावरण निवळू द्यावं.

१५ जुलै

तहसीलला आरक्षणाची सोडत निघाली. आमच्या गावचं सरपंचपद सर्वसाधारण महिलेसाठी गेलं. म्हणजे मी नाही आणि भागवतदादाही नाही. तो वहिनींना उभं करणार हे उघड आहे. मीही लगेच ठरवलं. संध्याकाळी वस्तीवरच्या बायका आणि काही माणसं घरी आली, तेव्हा मी स्वतःच खुर्च्या मांडल्या आणि म्हणालो, पंकजाला उभी करतोय. अर्ज तिचा, कारभार माझा. सही करायला ती आहेच.

कोणी मान हलवली नाही. सगळे तिच्याकडं बघत होते.

पंकजा म्हणाली, "उभी राहते. पण सही जिची, कारभार तिचा. ह्यांनी दुकान बघावं. गेल्या दहा वर्षांत दुकानात काय काय आहे, हे त्यांना माहीत नाही, तेवढं मी शिकवीन."

आई म्हणाली, "आन् म्हशीबी."

हे सगळ्यांसमोर बोलायची गरज नव्हती. आत येऊन सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण नंतर विचार केला, की आधी निवडून येऊ दे. खुर्चीत बसली की कळेल, माणूस लागतो.

२ डिसेंबर

दुकान जमतंय. कोणत्या कप्प्यात काय आहे ते कळायला लागलंय. आदिनाथचा डबा मीच करतो. त्याला माझे पोहे आवडत नाहीत, पण खातो.

आज वस्तीवर पंकजाची सभा होती. भागवतदादाच्या बाजूचा एक जण उभा राहिला आणि म्हणाला, वहिनी, तुमचा नवरा सगळ्या गावाला फसवून डोंगरात लपून बसला. त्याच्या घरावर आम्ही विश्वास कसा ठेवायचा? मी पार मागं, आदिनाथला मांडीवर घेऊन बसलो होतो. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

पंकजानं माईक दुसऱ्या हातात घेतला. "त्यांच्यावर नका ठेवू," ती म्हणाली. "मीसुद्धा ठेवत नाही. म्हणून तर तिकिटं मी काढली, आणि घरचे सगळे परत आणले."

मंडप हसला. आईचा आवाज सगळ्यात वर. मग पंकजा पाण्याच्या टाकीवर बोलायला लागली, कुठल्या वस्तीला पाणी पोहोचत नाही आणि का, हे तिला सगळं माहीत होतं, आणि हसणारे लोक हळूहळू गप्प झाले. ज्यानं प्रश्न विचारला होता तोही खाली बसून ऐकत होता.

आदिनाथ पेंगायला लागला, म्हणून त्याला खांद्यावर टाकून मी निघालो. रस्त्यात चेअरमन भेटला, सभेलाच चालला होता. विचारलं, कसं काय चाललंय?

"चांगलं बोलतीय," मी म्हणालो. "माझ्यापेक्षा लई चांगलं."

तो थांबला, माझ्याकडं बघून हसला आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "वा वैजनाथराव. आता खरं राजकारण शिकलात."